एनपीएसचे १४ टक्के आणि फेब्रुवारीचा पगार: पगारातला आयकर आधीच कसा तपासायचा

फेब्रुवारीचा पगार खात्यात पडला की चोपड्यापासून नवापूरपर्यंतच्या स्टाफरूममध्ये एकच सवाल ऐकू येतो: "मना पगार कथा गया?" (माझा पगार कुठे गेला?) पगार आयकरात गेलेला असतो. तो इतका का गेला, याचं उत्तर १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सरकारी नोकरीला लागलेल्यांच्या, म्हणजे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) लागू असलेल्यांच्या बाबतीत पुष्कळदा हिशेबाच्या कागदावरच्या एका ओळीत सापडतं. शासन तुमच्या प्रान (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) खात्यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के रक्कम भरतं, ती ही ओळ. ही रक्कम कागदावर दोनदा यायला हवी: आधी उत्पन्नात मिळवून, मग वजावटीत कमी करून. दोन्हीपैकी एकच नोंद झाली की कर चुकलाच म्हणून समजा.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. २०२५-२६ चं विवरणपत्र मात्र १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचं आहे, म्हणून इथे एनपीएसच्या वजावटीसाठी ८०सीसीडी हेच जुने क्रमांक ठेवले आहेत.

कर ठरवतो कोण?

इंग्लंडात कर खातं प्रत्येक नोकरदाराला १२५७एल असा एखादा कोड देतं. कुणी पेन्शनमध्ये जादा पैसे भरून वरच्या दराची सवलत मागितली की खातं तो कोड बदलून मालकाला कळवतं आणि पगारातून कापला जाणारा कर त्याप्रमाणे कमी होतो. आपल्याकडे असा कोड नाही. कलम १९२ प्रमाणे वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधून कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटून कापायचा, हे काम पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचं, म्हणजे डीडीओचं. प्रत्यक्षात ते पंचायत समितीतला किंवा शाळेतला लिपिक एका एक्सेल शीटवर करतो. शीट कुणाकडून तरी व्हॉट्सॲपवर आलेली असते, आणि ती सरकारी कर्मचारी, खासगी कंपनी, जुनी पेन्शन, एनपीएस या सगळ्यांना सरसकट वापरली जाते. लिपिकावर राग काढण्यात अर्थ नाही. त्याच्या शीटमधली ओळ तपासण्यात आहे.

तीन रकमा वेगळ्या ओळखा

एनपीएसच्या नावाखाली पगारपत्रकात आणि कराच्या कागदावर तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, तुमच्या पगारातून कापलेले १० टक्के. हे कलम ८०सीसीडी(१) खाली येतं आणि ८०सी वगैरे मिळून जी दीड लाखांची एकत्रित मर्यादा आहे, तिच्यातच बसतं. नव्या करपद्धतीत याची वजावट नाही. एक रुपयाचीही नाही.

दुसरी, ८०सीसीडी(१बी) खालचे जादा ५०,००० रुपये. हीदेखील फक्त जुन्या पद्धतीत मिळते.

तिसरी, शासनाचा १४ टक्के हिस्सा. याची वजावट ८०सीसीडी(२) खाली, दीड लाखांच्या मर्यादेबाहेर, आणि नव्या पद्धतीतही मिळते. "नव्या पद्धतीत काहीच वजावट नाही" हे वाक्य स्टाफरूममध्ये इतकं घोटलं गेलंय, की ८०सीसीडी(२) चा रकाना रिकामा सोडण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तोच रकाना महागात पडतो.

टिअर-२ (एनपीएसचं ऐच्छिक बचत खातं) खात्यात भरलेल्या पैशांवर राज्याच्या कर्मचाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही.

एका शिक्षिकेचा हिशेब

आकडे सोपे राहावेत म्हणून मूळ वेतन ६०,००० धरू, महागाई भत्ता वर्षभर ५५ टक्के म्हणजे ३३,०००, आणि घरभाडे भत्ता ६,०००. महिन्याचे ९९,००० आणि वर्षाचे ११,८८,०००. चौदा टक्के ९३,००० वर काढायचे, घरभाड्यावर नाही: महिना १३,०२०, वर्षाचे १,५६,२४०.

नव्या पद्धतीत बरोबर हिशेब असा:

वेतन ११,८८,०००
अधिक शासनाचा एनपीएस हिस्सा १,५६,२४०
एकूण १३,४४,२४०
वजा स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००
वजा ८०सीसीडी(२) १,५६,२४०
करपात्र उत्पन्न ११,१३,०००

बारा लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७ए ची सूट पूर्ण मिळते. कर शून्य.

आता याच कागदावर ८०सीसीडी(२) ची ओळ राहिली असं समजा. करपात्र उत्पन्न होतं १२,६९,२४०. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, आणि वरच्या ६९,२४० वर १५ टक्क्यांनी १०,३८६. बेरीज ७०,३८६. बारा लाखांच्या किंचित वर गेलेल्यांना मार्जिनल रिलीफ आहे: बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर ६९,२४० वर थांबतो, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ७२,०१०. एक ओळ राहिली तर शून्याचे बहात्तर हजार होतात. मार्जिनल रिलीफचा आधार १२,७०,५८८ रुपयांपर्यंतच आहे. त्यापुढे नेहमीच्या दराने पूर्ण कर लागतो.

याच निकालाला पोचवणारी दुसरी एक चूक आहे आणि ती पकडायला अवघड. काही पगारपत्रकांत शासनाचा हिस्सा आधी देय बाजूला दाखवतात आणि मग कपात बाजूला वळता करतात. अशा पत्रकातल्या एकूण वेतनात १४ टक्के आधीच आलेले असतात. लिपिकाने ते पुन्हा मिळवले आणि वजावट एकदाच केली, तर उत्पन्न पुन्हा १२,६९,२४० वरच येतं. म्हणून एकूण वेतनाचा आकडा घेण्याआधी एका महिन्याचं पत्रक समोर ठेवून देय बाजूच्या ओळी स्वतः बेरीज करून पाहा.

उलटी चूक: मिळवलं नाही, पण वजा केलं

ही चूक ऐकायला गोड आहे, कारण हिच्यात कर कमी दिसतो. मूळ वेतन ८०,००० असलेल्या माध्यमिक शिक्षकाचं उदाहरण घ्या. महागाई भत्ता ४४,०००, घरभाडे ८,०००, वर्षाचे १५,८४,०००. शासनाचा हिस्सा महिना १७,३६०, वर्षाला २,०८,३२०. मिळवून वजा केला की तो जिथल्या तिथे जिरतो, आणि करपात्र उत्पन्न उरतं १५,०९,०००. कर १,०६,३५०, उपकरासह १,१०,६०४.

मिळवायचं विसरून नुसतं वजा केलं तर उत्पन्न १३,००,६८० दिसतं आणि कर ७८,१०६. फरक ३२,४९८ रुपयांचा. हा फायदा नव्हे, ही उधारी आहे. खात्याने विवरणपत्र तपासताना फरक काढला की ती रक्कम महिना १ टक्का व्याजासकट भरावी लागते, आणि तोवर डीडीओची बदली झालेली असते.

सरकारी नोकरीत ८०सीसीडी(२) हे बक्षीस नाही, हे यातून कळतं. जे पैसे हातात आलेच नाहीत, ते कायद्याने तुमच्या उत्पन्नात धरले, आणि वजावटीने परत काढून घेतले, एवढंच.

वर्षभर काय करायचं

एप्रिलमध्ये करपद्धती लेखी कळवा. काहीच कळवलं नाही तर डीडीओने नवी पद्धत धरून कर कापायचा असतो. या कळवण्याने तुम्ही बांधले जात नाही. पगारदार माणसाला विवरणपत्र भरताना पद्धत बदलता येते, फक्त जुनी हवी असेल तर ते मुदतीच्या आत भरलं पाहिजे. उशिरा भरलं तर जुनी पद्धत गेली.

वर्ष मोजताना सरकारी पगाराची रीत लक्षात ठेवा. मार्चचा पगार एप्रिलमध्ये मिळतो, त्यामुळे आर्थिक वर्षात मार्च ते फेब्रुवारी असे बारा पगार येतात. एनपीएसचा हिस्साही त्याच बारा बिलांशी जुळवायचा.

दिवाळीच्या सुटीत प्रान वापरून एनपीएसच्या संकेतस्थळावर जा आणि व्यवहारांचं विवरण उतरवून घ्या. प्रत्येक महिन्यासमोर दोन आकडे हवेत: तुमचा हिस्सा आणि शासनाचा. पहिल्याला १.४ ने गुणलं की दुसरा आला पाहिजे. ९,३०० असेल तर १३,०२०. कुठे तुमचे जमा आणि शासनाचे नाहीत, किंवा दोन्ही नाहीत, तर तो महिना आणि बिलाची तारीख लिहून कार्यालयात अर्ज द्या. वजावट प्रत्यक्ष भरलेल्या हिश्शाची मिळते, भरायच्या राहिलेल्याची नाही. राहिलेला हिस्सा उत्पन्नातही मिळवायचा नाही.

इथे डीसीपीएसच्या (एनपीएसआधीच्या अंशदान पेन्शन योजनेच्या) जुन्या थकबाकीचा एक फाटा आहे. मागच्या बऱ्याच वर्षांचा शासन हिस्सा एकाच वर्षात खात्यावर आला, तर तो सगळा त्या वर्षीच्या वजावटीत बसत नाही, कारण मर्यादा त्या वर्षीच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांची आहे. अशा वर्षी कलम ८९ खाली, म्हणजे थकबाकीवरच्या करसवलतीत, काय मिळू शकतं हे सीएला विचारूनच पुढे जा. पगाराच्या किंवा महागाई भत्त्याच्या फरकावर ही सवलत घ्यायची असेल, तर फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सवलत दाखवली, की खातं ती नाकारतं.

डिसेंबरमध्ये लिपिकाकडून तुमच्या कराची शीट मागून घ्या आणि वरच्या सहा ओळींशी ताडून पाहा. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त होते, कारण आधी जास्त किंवा कमी कापलेला कर उरलेल्या महिन्यांत सारखा करून घ्यायची मुभा कायद्याने डीडीओला आहे. फेब्रुवारीचं बिल हे वर्षातलं शेवटचं. त्यानंतर परतावा मागणं एवढाच मार्ग उरतो.

महिन्याला कर कापायला सांगा, हेही इथेच. वरच्या माध्यमिक शिक्षकाचे १,१०,६०४ बारा भागांत वाटले तर महिना ९,२१७ होतात. वर्षभर काहीच कापलं नाही, तर फेब्रुवारीच्या १,३२,००० मधून एनपीएसचे १२,४०० आणि व्यवसाय कराचे ३०० गेल्यावर उरलेल्या १,१९,३०० मधून सगळा कर एकदम जातो. हातात ८,६९६. सोसायटीचा हप्ता त्यातूनच द्यायचा.

जुनी पद्धत कुणाला परवडते?

फार थोड्यांना. पहिल्या शिक्षिकेने जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, व्यवसाय कर २,५००, दीड लाखांची ८०सी मर्यादा आणि १बी चे ५०,००० असं सगळं वापरलं, तरी उत्पन्न ९,३५,५०० उरतं आणि कर १,०३,५८४ येतो. नव्या पद्धतीत शून्य. दुसऱ्या शिक्षकाला जुनी पद्धत परवडायची असेल तर शासनाचा हिस्सा सोडून निदान ६,१४,७५० रुपयांच्या वजावटी हव्यात. गृहकर्जाचं दोन लाख व्याज धरलं तरी त्याचा आकडा ४,५२,५०० वरच अडतो. जळगाव किंवा धुळ्यात भाड्याने राहून मोठी घरभाडे सवलत घेणाऱ्यांनी मात्र दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

तरीही जुनी पद्धत निवडायचीच असेल, तर स्वतःच्या १० टक्क्यांची वाटणी नीट करा. शिक्षिकेचे वर्षाचे १,११,६०० कापले जातात. लिपिक ते सगळे ८०सी च्या गठ्ठ्यात टाकतो आणि १बी रिकामं राहतं. त्याऐवजी ५०,००० रुपये १बी मध्ये दाखवा आणि उरलेले ६१,६०० दीड लाखांच्या मर्यादेत. मग एलआयसी, पीपीएफ, मुलांची ट्यूशन फी, गृहकर्जाचं मुद्दल यांना ८८,४०० ची जागा मोकळी होते. २० टक्क्यांच्या टप्प्यात ही वाटणी १०,४०० रुपये वाचवते, ३० टक्क्यांच्या टप्प्यात १५,६००. एकच रुपया दोन्हीकडे दाखवता येत नाही, हे मात्र पाळा.

आणखी एक अडचण. जुन्या पद्धतीत ८०सीसीडी(२) ची १४ टक्के मर्यादा केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना आहे, इतरांना १० टक्केच. विवरणपत्रात नोकरीचा प्रकार 'इतर' निवडला की वजावट १० टक्क्यांवर छाटली जाते. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या लोकांनी जुनी पद्धत घेण्याआधी हा मुद्दा सीएकडून पक्का करून घ्यावा. नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून सगळ्यांनाच १४ टक्के आहेत, तिथे हा वाद नाही.

बारा लाखांच्या काठावरचे

पगाराचा हिशेब बरोबर बसला तरी पतसंस्थेतल्या ठेवींचं व्याज लोक कार्यालयाला सांगत नाहीत. पहिल्या शिक्षिकेला एक लाख व्याज मिळालं, तर ११,१३,००० चे १२,१३,००० होतात. मार्जिनल रिलीफमुळे कर १३,००० आणि उपकर ५२०, एकूण १३,५२०. झेपणारी रक्कम आहे, पण शून्याची सवय झालेल्याला जुलैत ती टोचते. व्याज डीडीओला कळवलं की तो कर पगारातूनच कापता येतो.

सोनं विकून नफा झाला असेल तर अधिक जपा. जळगावच्या बाजारात हे नेहमीचंच. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर विशेष दराने कर लागतो, आणि त्या करावर नव्या पद्धतीत ८७ए ची सूट मिळत नाही. शिवाय तो नफा बारा लाखांच्या मोजणीत मात्र धरला जातो. केळी-कापसाचं उत्पन्न करमुक्त आहे, तरी ५,००० रुपयांच्या वर असेल तर विवरणपत्रात दाखवावं लागतं, कारण कराचा दर काढताना ते मिळवतात.

फॉर्म १६ हातात आल्यावर

तो १५ जूनपर्यंत मिळायला हवा, आणि ट्रेसेसवरून (कर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावरून) उतरवलेला असावा; लिपिकाने टाइप करून दिलेला भाग 'अ' चालत नाही. भाग 'ब' मध्ये दोनच जागा पाहायच्या. कलम १७(१) खालच्या वेतनात तुमच्या पगारपत्रकांच्या बेरजेपेक्षा १४ टक्के हिश्शाइतकी रक्कम जास्त आहे का (पत्रकात हिस्सा आधीच देय बाजूला असेल तर बेरीज तेवढीच हवी), आणि ८०सीसीडी(२) च्या ओळीत नेमकी तीच रक्कम आहे का. मग कापलेला कर २६एएस मध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या कराच्या उताऱ्यात, दिसतो का ते बघा. पगारातून गेला पण तिथे नाही, तर कार्यालयाने तो भरलेला नाही, किंवा पॅन चुकीचा टाकलाय.

चूक निघाली तर डीडीओला २४क्यू विवरण (पगारातून कापलेल्या कराचं तिमाही विवरण) दुरुस्त करून द्यायचा लेखी अर्ज करा. अर्जासोबत एनपीएसचं व्यवहार विवरण जोडा आणि पोच घ्या. ३१ जुलैच्या सुमाराला फॉर्म १६ दुरुस्त होऊन आला नाही, तरी विवरणपत्र अडवून ठेवू नका. वेतनाच्या तपशिलात मालकाच्या पेन्शन हिश्शाची वेगळी ओळ निवडता येते. तिथे रक्कम टाका, वजावटीत ८०सीसीडी(२) टाका, आणि फरक खात्याने विचारला तर उत्तरासाठी ते विवरण आणि बारा पगारपत्रकं हाताशी ठेवा. कलम १४३(१)(अ) खालच्या अशा विचारणेला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ती ईमेलवर येते. पोर्टलवर शाळेचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेला असेल, तर आजच स्वतःचा टाका.

खासगी नोकरीतल्यांसाठी

धुळे-जळगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी मात्र ८०सीसीडी(२) ने खरोखर कर वाचतो. तिथे मालक आपला हिस्सा तुमच्या एकूण पॅकेजमधूनच वळवतो. मूळ वेतन ५०,००० असेल, तर महिना ७,००० म्हणजे वर्षाला ८४,००० रुपये विशेष भत्त्यातून काढून एनपीएसमध्ये वळवायला एचआरला सांगा. नव्या पद्धतीत १५ टक्क्यांच्या टप्प्यात १३,१०४, २० टक्क्यांत १७,४७२ आणि ३० टक्क्यांत २६,२०८ रुपये कर वाचतो. पैसे बरीच वर्षं अडकतात, हातातला पगार घटतो, ते घरच्या खर्चाशी जुळवूनच ठरवा. पैसे कंपनीच्या नावाने कंपनीकडूनच गेले पाहिजेत. तुम्ही स्वतः बँकेतून एनपीएसमध्ये भरले, तर नव्या पद्धतीत त्यावर वजावट नाही, मग रक्कम तीच असली तरीही.